धुराचे डोहाळे

हसणार असाल तर खुशाल हसा, मी रागावणार नाही. म्हणजे एरवी रागावते, पण आज नाही. फक्त मधेच उठून जाऊ नका. मधल्या भागात तुम्हाला वाटेल, पोरगी बरोबर आहे. मलाही तसंच वाटत होतं. घोळ तिथेच झाला ना!

त्याचं काय झालं, आयुष्यात मी एकदा, फक्त एकदाच, दुसऱ्याचं भलं करायला निघाले. आणि असं काही भलं केलं की रोह्यातल्या एका अख्ख्या आळीतल्या बायका मला अजून ‘ती शिगरेटवाली’ म्हणतात.

मी सायली. राहणार पेण. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि आता गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या दागिन्यांना सोनेरी रंग लावते. काम मला आवडतं. गणपती मला मार्क विचारत नाही. पण आमच्या घरात माझं नाव सायली नाहीच मुळी, ‘जिने सोडलं ती’ हेच नाव. पाहुणे आले की आई बशीत बिस्किटं मांडते आणि बिस्किटांबरोबर ही माहितीही मांडते. “हिने सोडलं ना!” बाबा निवृत्त मुख्याध्यापक. तालुक्यातल्या निम्म्या पोरांना त्यांनी पट्टीने मारून सुधारलं, असं ते स्वतःच सांगतात. त्यातला एकही सुधारलेला मला अजून भेटलेला नाही.

असो. गोष्ट माझी नाही, जागूची आहे.

जागू म्हणजे जागृती. शाळेपासूनची माझी मैत्रीण, आमच्याच आळीतली. लग्न होऊन रोह्याला गेली. नवरा नितेश, कंपनीत शिफ्टला जातो. माणूस बरा आहे, म्हणजे घरात असतो तेव्हा झोपलेला असतो. सासू सुमनकाकू. सासऱ्यांचा फोटो भिंतीवर, त्यामुळे त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही.

आता पुढचं तुमच्यात आणि माझ्यात राहू द्या. कॉलेजात जागू सिगारेट ओढायची. पहिली आम्ही दोघींनी मिळूनच ओढली, खाडीच्या बांधावर बसून. मला असा ठसका लागला की समोरच्या मिठागरातले बगळे उडाले. त्या दिवसापासून मी तंबाखूला शिवलेली नाही. जागू मात्र वर्षभर ओढत राहिली. लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, “सोडली गं.” मी मान हलवली. सोडण्याच्या बाबतीत माझा अधिकार मोठा, पण तेव्हा मला शंका आली नाही.

ती शंका आली जागूच्या सातव्या महिन्यात.

त्या रविवारी कारखान्याला सुट्टी होती. म्हटलं, रोह्याला जाऊन येऊ. जागूची आई, मंदामावशी, अशा वेळी मला टपालखातं समजते. दर खेपेला एक पिशवी. तीत पोह्याचे पापड, मिरगुंडं, कडवे वाल, आणि तळाशी वर्तमानपत्रात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग सुतळीत बांधलेलं एक पुडकं.

“हे विहीणबाईंचं औषध. उघडू नको गो, हवा लागंल.”

“रोह्यात औषधं मिळत नाहीत का, मावशी?”

“त्यांना पेणचंच लागतं. त्यांचं म्हायेर हितलं ना!”

मला काय करायचंय? घेतली पिशवी मांडीवर आणि बसले रोह्याच्या मेमू गाडीत. समोर एक म्हातारा काका. पांढरी टोपी, पायाशी भाज्यांची पिशवी. जित्याला चढला होता आणि निडीला लेकीकडे चालला होता, हे त्याने न विचारता सांगितलं. गाडी पेण सोडते न सोडते तोच मला वास आला. तंबाखूचा. असा उग्र की नाकातले केस वळावेत.

“काका, तंबाखू खाता ना?”

“नाय गो.”

“मग विडी?”

“नाय गो पोरी. जल्मात नाय.”

“खोटं नका बोलू. वास येतोय.”

“वास मलापन येतोय,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

ऐकलंत? वर तोंड करून! मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, तुमच्या पिढीचं हे असंच. स्वतः करायचं, नाही म्हणायचं, आणि वरून आम्हाला शिकवायचं. तोंडाचा कॅन्सर तुम्हाला होणार, दवाखान्याच्या रांगेत उभं पोरांनी राहायचं. डब्यातल्या लोकांनी माना वळवल्या. काकाने बिचाऱ्याने टोपी सारखी केली. भाज्यांची पिशवी उचलली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. निडीला उतरला.

आणि गंमत बघा, माणूस उतरला पण वास काही उतरला नाही! थेट रोह्यापर्यंत आला. मी मनात म्हटलं, किती वर्षं खात असेल, बाकात मुरलाय.

रोह्याला जागूने दारातच मिठी मारली. पोट मधे, त्यामुळे मिठी तिरकी. तिच्या केसांत नाक गेलं आणि मी गार पडले. तंबाखू! पण गाडीतल्यासारखी नाही. जळालेली. धुराची.

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

“बाळाचं वजन कमी भरतंय म्हणाले.” तिने हसायचा प्रयत्न केला. “पुढच्या वेळी बघू म्हणाले. नाहीच वाढलं तर अलिबागला दाखवायचं.”

“खात नाय नीट,” ओटीवरून सुमनकाकूंचा आवाज. “आमी शेतात राबून पोरं काढली. ह्यांना पंख्याखाली बसून वजन भरत नाय.”

सुमनकाकू हे एक वेगळंच प्रकरण आहे. सकाळी मशेरी लावून ओटीवर बसायचं, दुपारी मशेरी लावून ओटीवर बसायचं, आणि बोट तोंडात असतानाच अख्ख्या आळीचा न्याय करायचा. त्यात दमा. त्या दिवशी मला दहा वेळा ऐकवलं, “डॉक्टरनी मला सक्त सांगितलंय, धुराजवळ जायचं नाय. चुलीपाशीपन नाय. छातीला बाधतो.” मी हो-हो केलं. म्हाताऱ्या माणसांचे आजार आणि पुढाऱ्यांची भाषणं, मधे बोललं की लांबतात.

जेवणं झाली. जागूने ओट्यावरची काडेपेटी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मी उठले तर काकू म्हणाल्या, “तू बस गो. पावनी हायस. तिचं काम हाय तिथं.”

कसलं काम? काडेपेटी घेऊन?

बऱ्याच वेळाने जागू आली. डोळे लाल. खोकत होती. साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, मग बडीशेप तोंडात टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, जसं काही झालंच नाही. केसांना पुन्हा तोच वास, आता ताजा.

तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

तेव्हाच विचारायचं ना तोंडावर! मी मुख्याध्यापक बापाला तोंडावर ‘तुम्ही पोरांना शिकवलं नाही, घाबरवलं’ असं म्हणणारी मुलगी. पण इथे नाही विचारलं. ती ‘हो’ म्हणाली तर पुढे काय बोलायचं? ‘नाही’ म्हणाली आणि मी मानलं नाही, तर मैत्री गेली. आणि मी कोण विचारणारी? फुप्फुसं तिची, पोट तिचं. पण त्या पोटात जो कोण बसलाय त्याला खिडकी उघडता येत नाही ना! परतीच्या गाडीत मी एवढाच विचार करत आले. सगळ्यात जास्त छळत होतं ते कुतूहल. सासूच्या नाकाखाली ही ओढते कशी? आणि हिला आणून कोण देतं? नितेश? किराणावाला? जो कोण असेल तो मला हवा होता. त्याला मी सोलणार होते.

घरी आल्यावर आईला विचारलं, नाव न घेता.

“आई, समज एखादी मैत्रीण चुकीचं वागतेय. सांगावं का तोंडावर?”

आई मेथी निवडत होती. “दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसू नकोस. पुस्तकात खुपसायचं होतं तेव्हा नाय खुपसलंस.”

बघा! मेथीच्या जुडीतूनसुद्धा कॉलेज निघतं आमच्याकडे.

बाबांनी चष्मा वर केला. “थेट बोलू नये. सूचक बोलावं. माणूस दुखावत नाही आणि अर्थ पोहोचतो.”

आता मी बाबांचं ऐकत नाही, हा माझा नियम आहे. तो मी एकदाच मोडला. त्याचं फळ पुढे येतंय.

दुसऱ्या दिवशी गेले मंदामावशीकडे, सूचक बोलायला. मला सूचक बोलता येत नाही. मी तोंड उघडलं की सूचना बाजूला राहते आणि पाटी लागते. पण ठरवलं होतं, जपून बोलायचं.

“मावशी, जागूला ती… सवय… अजून आहे का हो?”

“कसली गो? माती खायाची?”

“माती नाही. ते हे… धूर.”

“धुरी? ती बालंत झाल्यावर देतात. ववा, बालंतशेपा घालून. आता कशाला?”

“धुरी नाही, मावशी. धूर! म्हणजे तिला धूर घ्यावासा वाटतो. लपून घेते. मी बघितलं.”

मावशीचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, पोहोचला अर्थ. बाबा, जिंकलात!

“अगो बाय!” मावशीने गालावर बोटं मोडली. “धुराचे डोहाळे? मला रॉकेलच्या वासाचे लागले होते. चिमणी हुंगत बसायची मी. बरं झालं सांगितलंस. पुरवायला पायजेत, नायतर पोराचे कान फुटतात!”

“अहो मावशी, पुरवायचे नाहीत…”

पण मावशीने फोन उचलला होता. मी ‘नाही नाही’ करत राहिले आणि मावशी तिकडे ‘विहीणबाई, ऐकलंत काय’ करत राहिली. मी चप्पल घातली आणि निघाले. म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्या बायकांच्या गप्पा. एक फोन काय करणार आहे?

दोन आठवड्यांनी जागूचं डोहाळजेवण. मंदामावशी हिरवी साडी आणि ओटीचं सामान घेऊन आदल्या दिवशीच गेली होती. सकाळी तिचा फोन. “साये, विहीणबाईंचं औषध राहिलं गो. घरी जागूच्या बाबांकडं हाय, तेवढं घेऊन ये. दोन पुडकी हायत, दोनीपन आण.”

घेतली दोन्ही. बसले गाडीत. समोर कोण? तोच टोपीवाला काका! मला बघितलं, एकदा नाक मुरडलं, आणि आपणहून उठून डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. वर खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावून बसला. नाकाला टॉवेल! म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

त्या दिवशी मात्र मी ठरवून निघाले होते. आज सूचक नाही, बिचक नाही. जागूला कोपऱ्यात घ्यायचं आणि विचारायचं.

घराच्या दारात पोहोचले तर काही दिसेना. धूर! ओटीवर धूप, माजघरात धूप, देवापाशी ऊद. नितेश, आयुष्यात पहिल्यांदा जागा, हातात धुपाटणं घेऊन बायकोभोवती फिरत होता. जसं डास मारायला नगरपालिकेचा माणूस आलाय. मधे पाटावर जागू, हिरवी साडी, फुलांचे दागिने, डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

“आनंदाचं पानी हाय,” एक बाई दुसरीला म्हणाली.

“काय चाललंय हे?” मी काकूंना पुडकी देत विचारलं.

“डोहाळे पुरवतोय!” काकू खिडकीच्या गजांना तोंड लावून उभ्या होत्या, दम्यामुळे. “धुराचे डोहाळे लागलेत माझ्या सुनेला. पंधरा दिस झालं, काय कमी पडू दिलं नाय मी.”

हा उद्योग माझाच, हे मला कळलं. पण मी स्वतःची समजूत घातली. धूप तर धूप, सिगारेटपेक्षा बरा. हेही असंच असतं बघा, चूक आपली असली की ती लहान दिसते.

वाट्या आल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. जागूने वाटी उचलली, पेढा निघाला, बायका ओरडल्या, “मुलगा!” बाळाचं वजन भरत नाही याची फिकीर कुणाला नव्हती, मुलगा की मुलगी एवढं ठरलं की झालं. जेवणं झाली. बायका सुपाऱ्या कातरत ऐसपैस बसल्या. मी मंदामावशीला पान लावून देत होते, मान वर करून बघते तर पाट रिकामा.

जागू कुठाय?

ओट्याकडे बघितलं. काडेपेटी नव्हती.

मागच्या दारातून बाहेर डोकावले. न्हाणीघराच्या भिंतीमागून धूर वर येत होता. पिवळट, जाड. आणि वास तोच. त्या क्षणी माझं डोकं फिरलं. घरात एवढ्या बायका, पोटात सातवा संपत आलेला, अंगावर ओटीचे तांदूळ अजून चिकटलेले, आणि ही मागे जाऊन ओढतेय! मी पळत सुटले आणि पळता पळताच ओरडले, कारखान्यात मोठ्या मूर्तीवरून खालच्या माणसाला हाक मारतात तसल्या आवाजात:

“जागे! टाक ती सिगारेट! टाक म्हणते ना! पोटातल्या पोराला कशाला पाजतेस ते विष!”

आत सुपाऱ्या कातरायचा आवाज थांबला.

मी भिंतीला वळसा घातला.

तीन विटा. विटांवर काळा तवा. तव्यावर तंबाखूची पानं चुरचुरत जळतायत. समोर पाटावर माझी जागू, मोगऱ्याचा मुकुट कपाळावर घसरलेला, नाकाला हिरवा पदर, हातात उलथनं.

“कसली सिगारेट?” ती खोकत म्हणाली.

“मग हे काय आहे?”

“मशेरी.”

“मशेरी?”

“आईंची. मीच भाजते ना रोज. आज बायका जास्त, डबी संपली.” तिने उलथन्याने पानं परतली. “तू सिगारेट काय म्हणालीस?”

एव्हाना मागे अख्खं डोहाळजेवण येऊन उभं राहिलं होतं. सगळ्यात पुढे सुमनकाकू, तोंडावर पदर.

“कोन वडतंय शिगरेट? माझ्या घरात? माझ्या सुनेवर आळ घेतेस?”

“तुमच्या सुनेवर नाही,” मी म्हटलं. आता मागे फिरायची सोय नव्हती. “तुमच्यावर घेते. हे काय आहे तव्यावर? तंबाखू नाही?”

“तंबाखू कसली? मशेरी हाय ती! दातांचं औषध. आमच्या घरात तंबाखू कोन खात नाय, शिगरेट कोन वडत नाय. इचार कुणालापन!”

आणि बाई खरं बोलत होती, हेच तर दुखणं! तंबाखू खातात, विडी ओढतात, मशेरी लावतात. आणि जी भाजते तिच्यासाठी काही शब्दच नाही. ते स्वयंपाकात धरतात.

“काकू,” मी म्हटलं, “तुम्ही का नाही भाजत?”

“मला धूर चालत नाय. डॉक्टरनी…”

त्या थांबल्या.

“छातीला बाधतो म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला उठवलं. मग तिथे बसवलं कुणाला? सातव्या महिन्यातल्या बाईला! तुमच्या छातीला लागतो तो धूर, आणि तिच्या पोटातल्याला लागत नाही?”

मागच्या एका बाईने हळूच तोंडातलं बोट बाहेर काढलं आणि पदराला पुसलं.

काकूंचा चेहरा उतरला, पण बाई अशी हार मानणारी नाही. “आदी अर्दी शेजारीन भाजून द्यायची, अर्दी ती. पन तिला डोहाळे लागले ना! धुराचे! मंदाताईंनी फोन करून सांगितलं, म्हनून सगळी तिलाच देत होते, पोरीला बरं वाटंल म्हनून.”

“मला सायेनी सांगितलं!” मंदामावशीने तिथल्या तिथे हात झटकले. “लपून घेते म्हनाली. मी बघितलं म्हनाली.”

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. जागूनेही बघितलं, उलथनं हातात धरून.

“तू सांगितलंस?” ती म्हणाली. “मला वाटत होतं, हे डोहाळे कुणी काढले! पंधरा दिवस मला झोपतानासुद्धा धूप देतायत गं!”

आता शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. पण मी शहाणी असते तर तिसऱ्या वर्षात गेले असते. मला अजून एक चोर सापडायचा होता. ज्याला मी सोलणार होते तो.

“ते राहू द्या!” मी ओरडले. “आधी मला हे सांगा, हे विष या घरात आणून कोण देतं? नाव सांगा त्याचं. आत्ताच्या आत्ता जाऊन त्याची…”

सुमनकाकूंनी पदरातून हात काढला. मशेरीने काळं झालेलं ते बोट वर आलं आणि माझ्या छातीवर येऊन थांबलं.

“तू.”

मी तव्याकडे बघितलं. विटेच्या शेजारी सुतळी सोडलेलं पुडकं पडलं होतं. आधी प्लॅस्टिक, मग वर्तमानपत्र, मग तंबाखूची पानं.

औषध!

पहिलं कोण हसलं माहितीय? जागू. खोकत, रडत, पोट धरून हसली. मग सगळ्याच हसल्या. मी न्हाणीघराच्या भिंतीला टेकून उभी, आणि मला मेलं हसूही येईना.

काकू मात्र हसल्या नाहीत. त्या पुढे झाल्या, न्हाणीतला तांब्या उचलला आणि तव्यावर ओतला. चर्रर्र झालं. मग सुनेच्या काखेत हात घालून तिला उठवलं, कपाळावरचा मुकुट सरळ केला आणि म्हणाल्या, “आत जा. वाऱ्याला बस.” माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, “आजपासनं इकतची आनंन. भाजलेली.”

म्हणजे मशेरी सुटली नाही हो. फक्त तवा सुटला. पण मी म्हटलं, एका दिवसात एवढंच पुष्कळ.

संध्याकाळी निघताना जागू फाटकापर्यंत आली.

“सरळ विचारायचं होतंस ना.”

“काय विचारू? ओढतेस का म्हणून?”

“हो. नाही म्हणाले असते. ओढत नव्हतेच.” ती फाटकाला टेकली. “डॉक्टरांनीपण विचारलं, घरात कुणी सिगारेट ओढतं का? मी म्हटलं, नाही. आणि घरी येऊन तव्यापाशी बसले. मला सुचलंच नाही बघ की हा तोच धूर. सिगारेट कुणी दिली असती तर फेकून दिली असती. पण मशेरीला नाही कसं म्हणतात ते मला माहीतच नव्हतं.”

“मला वाटलं, तू माझ्याशी खोटं बोलली होतीस. सोडली म्हणून.”

“आणि म्हणून माझ्या डोहाळजेवणात बोंब मारलीस?” तिने मला चिमटा काढला, चांगला दुखेल असा. “पुढच्या वेळी आधी बघ. मग ओरड.”

पुढच्या तपासणीत बाळाने थोडं वजन धरलं. अलिबागची वारी टळली. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, असंच चालू द्या. काकू म्हणतात, धुपाचा गुण. म्हणू देत.

पण थांबा, उठू नका. माझ्या वाटची चपराक अजून यायचीय. ती डोहाळजेवणाच्याच संध्याकाळी, परतीच्या गाडीत बसली.

पिशवीत आता पुडकी नव्हती. मावशीने तिच्यात डोहाळजेवणाचे लाडू भरून दिलेले. लाडू काढायला वाकून पिशवीत हात घातला आणि वास आला. तळाच्या कापडात मुरलेला, जुना, उग्र. जो बाकात मुरलाय असं मी म्हटलं होतं तो.

मी पिशवीचं तोंड घट्ट आवळलं. आणि मला टोपी आठवली. भाज्यांची पिशवी आठवली. ‘वास मलापन येतोय’ आठवलं.

देव असा दुष्ट असतो की निडीला गाडी थांबली आणि तोच काका चढला!

त्याने मला बघितलं. दुसरीकडे जागा शोधली. नव्हती. नाइलाजाने समोर बसला, टॉवेल नाकाशी तयार धरून. एक श्वास घेतला, जपून. मग दुसरा, मोठा. टॉवेल हळूहळू खाली आला आणि त्याचा चेहरा उजळला.

“आज वास नाय.”

“नाही, काका.”

तो पुढे झुकला. आवाज एकदम मायेचा.

“सोडलीस?”

मी तोंड उघडलं. सगळं सांगायचं होतं हो! विहीणबाई, औषध, सुतळी, डोहाळे, तवा. पण ते सांगेपर्यंत पेण येऊन गेलं असतं, आणि त्या माणसाची माफी मागायची तर आणखी दोन स्टेशनं लागली असती.

“हो, काका,” मी म्हटलं. “सोडली.”

“कवा?”

“आजच.”

“ऐकलंत काय गो बायांनो!” तो आनंदाने डब्याकडे वळला. “ह्या पोरीनं तंबाखू सोडली! येवढ्याशा वयात! सोडनं सोपं नसतं, लय धीर लागतो!” पलीकडच्या बाईने माझ्या पाठीवर हात फिरवला. कुणीतरी पेरू दिला.

मी पेरू खाल्ला. काय करणार? घरात सतत ऐकतेय, ‘सोडलं, सोडलं.’ सोडल्याबद्दल शाबासकी जन्मात पहिल्यांदा मिळत होती. आणि मिळाली तीही, जे कधी धरलंच नव्हतं ते सोडल्याबद्दल!